मिस्सात गप्प बसता येत नाही त्यांच्यासाठी: धर्मग्रामाने पावलापावलाने काय करावं

माझा मुलगा आता 14 वर्षांचा आहे. ऑटिस्टिक आहे, दोन-तीन शब्दांत बोलतो. तो 6 वर्षांचा असताना एका रविवारी चर्चमध्ये मिस्सात (कॅथलिक उपासनेत) घंटा वाजली आणि तो कान दाबून किंचाळला. मागच्या बाकावरून एक म्हातारी हळूच म्हणाली, “तेका जरा भायर घेवन जा गो.” तिच्या मनात वाईट नव्हतं. पण आम्ही बाहेर पडलो ते पुढची दोन वर्षं आत आलोच नाही. रविवारी नवरा एकटा मिस्साला जायचा, मी आणि झील घरी.

मग बदलून आलेले नवे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. “तुम्ही दिसत नाही हल्ली” असं काही न म्हणता त्यांनी विचारलं, “त्याला नेमका कशाचा त्रास होतो?” त्या प्रश्नापासून आमचं परत येणं सुरू झालं. पुढच्या सहा वर्षांत काय जमलं, कुठे चुकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे पालकांसाठी आहेच, पण त्याहून जास्त फादर, सिस्टर, धर्मशिक्षण देणारे शिक्षक, कॉयर (गाणारी मंडळी) आणि पॅरिश कौन्सिल यांच्यासाठी आहे. वेंगुर्ला-रत्नागिरीकडच्या प्रोटेस्टंट मंडळींनी मिस्साच्या जागी उपासना आणि फादरच्या जागी पाळक असं वाचावं, पावलं तीच आहेत.

माझ्या मुलासारख्यांना हल्ली ‘न्यूरोडायव्हर्स’ म्हणतात. हा शब्द 1990 च्या दशकातला. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं जड जातं), डिस्लेक्सिया (वाचणं जड जातं), टुरेट (नकळत आवाज, हालचाली होतात) अशा कारणांनी ज्यांचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या रीतीने ऐकतो, बघतो, लक्ष देतो, ती सगळी माणसं यात येतात. आणि ही फक्त मुलं नसतात. दर रविवारी दाराशी उभा राहून प्रवचनाच्या वेळी आवारात फेऱ्या मारणारा चाळिशीतला माणूस तुमच्याही धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) असेल. त्याला श्रद्धा नाही असं ठरवून मोकळे होऊ नका.

1. कोण येईनासं झालंय ते आधी शोधा

बहुतेक ठिकाणी सुरुवात पोस्टर लावून किंवा खास मिस्सा ठेवून होते. तसं करू नका. खास मिस्साला लोक एकदा येतात, फोटो निघतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा घरी बसतात.

2005 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत. इथले धर्मग्राम लहान, घरं वाडी-वाडीत विखुरलेली, पण प्रत्येक वाडीत कोण कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक. हे आपलं मोठं बळ आहे. फादर आणि वाडीतली दोन जाणती माणसं बसली तर अर्ध्या तासात यादी होते: कोणाचं पोर धर्मशिक्षणाला यायचं बंद झालं, कोणती आई एकटीच येते, कोण फक्त नाताळला दिसतं.

मग घरी जा. एका वेळी एकाच घरी, फार तर दोघांनी. आजाराचं नाव विचारत बसू नका. बऱ्याच घरांकडे निदानच नसतं, कारण तपासणीसाठी गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय किंवा कोल्हापूर गाठावं लागतं आणि दिवसाची मजुरी बुडते. त्यापेक्षा हे विचारा:

- चर्चमध्ये सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?
- काय आवडतं? (गाणं, पाणी, आकडे, पंखा, मेणबत्ती, काहीही)
- त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं?
- तेव्हा काय केलं की बरं वाटतं, आणि काय मुळीच करायचं नाही?
- किती वेळ जमेल? दहा मिनिटं जमत असतील तर दहा मिनिटंच.

जो स्वतः उत्तर देऊ शकतो, त्यालाच विचारा. वीस वर्षांच्या मुलासमोर त्याच्या आईला “त्याला काय आवडतं?” असं विचारणं त्याला लागतं, तो तसं बोलून दाखवत नसला तरी.

उत्तरं एका पानावर लिहून काढा. त्या पानाची प्रत कोणाकोणाला द्यायची ते त्या घराने ठरवायचं. आमच्या मुलाचं पान फादर, धर्मशिक्षणाची शिक्षिका आणि मिस्साच्या वेळी मदतीला दाराशी उभे राहणारे दोघे, एवढ्यांकडेच आहे.

2. चर्च कानांनी आणि नाकाने तपासा

हे पाऊल सगळ्यात जास्त उपयोगी पडतं आणि जवळजवळ फुकटात होतं. मिस्सा चालू असताना एकाने वेगवेगळ्या बाकांवर पाच-पाच मिनिटं बसून पाहायचं. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर स्पीकरचा आवाज थेट कानात येतो, आणि आम्ही वर्षानुवर्षं तिथेच बसत होतो.

काय काय तपासायचं:

आवाज. माइकची शिट्टी, स्पीकरची दिशा, कॉयरचा कीबोर्ड, वीज गेल्यावर सुरू होणारा जनरेटर. मृगाचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की माइकचा आवाज आणखी वाढवला जातो. अशा दिवशी मोठी माणसंही डोकं धरतात, मग ज्याला प्रत्येक आवाज सारखाच मोठा ऐकू येतो त्याचं काय होत असेल? आम्ही एक स्पीकर भिंतीकडे वळवला आणि मागचे डावीकडचे चार बाक ‘कमी आवाजाचे’ झाले.

घंटा. मिस्साच्या सर्वसाधारण सूचनांत लहान घंटा ‘योग्य वाटल्यास’ वाजवावी असंच म्हटलं आहे. म्हणजे हळू वाजवली किंवा एखाद्या दिवशी वाजवलीच नाही तरी मिस्सा अपुरी होत नाही. आमच्याकडे घंटा राहिली, पण वेदीसेवक ती आधी दिसेल अशी उचलतो. माझा मुलगा ते बघून इअरमफ चढवतो. आवाज अचानक आला नाही की त्याला तो सोसतो.

वास. धूप, ताजा रंग, फिनेल, सुरंगीच्या फुलांच्या दिवसांतले वळेसर (गजरे). धूप असणार असेल तेव्हा आदल्या दिवशी त्या घराला कळवा, मग ते मागे दाराजवळ बसतात.

उजेड आणि कपडे. लुकलुकणारी ट्यूब बदला, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. आणि इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण, घट्ट बूट यांचा आग्रह सोडा. जुना मऊ टी-शर्ट घालून आलेल्या मुलाकडे कोणी वळून बघू नये.

3. बसायची जागा आणि बाहेर पडायची वाट

त्या घराला ठरलेली जागा द्या, शक्यतो कडेची, दाराजवळची, आणि ती दर रविवारी मोकळी राहील असं बघा. जागा बदलली की आमच्याकडे सगळा रविवार बिघडतो.

बाहेर एक शांत कोपरा हवा. आपल्या बहुतेक जुन्या चर्चना पडवी असते. तिथे एक बाक, एक चटई, पावसाळ्यात झडीचं पाणी येणार नाही असा आडोसा, एवढं पुरे. आवाज हलकासा ऐकू येत राहिला तर उत्तम. कोंदट खोलीत बसवून दार लावून घेणं मात्र चुकीचं. तसं केलं की घरच्यांना कळतं की आपल्याला बाजूला काढलंय.

मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू एका बहिऱ्या, बोबड्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. मी हा प्रसंग लहानपणापासून ऐकलेला, पण पडवीत बसल्यावर त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात आली: येशूने त्याला बाहेर पाठवलं नाही, तो स्वतः त्याच्याबरोबर गेला. म्हणून आमच्याकडे नियम केला की पडवीत आई किंवा बाप एकटे बसणार नाहीत. दाराजवळच्या दोघांपैकी एकजण त्यांच्यासोबत जाऊन बसतो. ख्रिस्तप्रसाद (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) वाटताना फादर किंवा सिस्टर पडवीतही येतात.

आणि इथेच सगळ्यात गंभीर सूचना. बरीच ऑटिस्टिक मुलं नजर चुकवून निघून जातात, आणि त्यांना पाण्याची ओढ असते. आपली चर्च विहिरीच्या, खाडीच्या, समुद्राच्या अंगावर बांधलेली. आवाराच्या फाटकाशी मिस्साभर एकाने उभं राहायचं, विहिरीवर जाळी हवी, आणि मूल दिसेनासं झालं तर पहिल्यांदा पाण्याकडे धावायचं. आत शोधत बसायचं नाही.

4. काय होणार आहे ते आधी सांगा

मोबाइलवर आपल्याच चर्चचे फोटो काढा: दार, आपला बाक, फादर वेदीजवळ, दानाची थैली, ख्रिस्तप्रसादाची रांग, बाहेर पडणं. आठ-दहा फोटो छापून क्रमाने लावा. इंटरनेटवरचे परदेशी चर्चचे चित्रसंच घेऊ नका, ते मुलाला ओळखीचे वाटत नाहीत. प्रत्येक भाग झाला की मूल तो फोटो उलटा करतं. ‘अजून किती?’ हा प्रश्न त्याने निम्मा कमी होतो.

मोठ्यांसाठी आठवड्याची वाचनं आणि गाणी आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर टाका. डिस्लेक्सिया असलेल्यांना घरी सवडीने वाचता येतं, आणि ज्याला प्रवचनात लक्ष टिकवणं जड जातं त्याला धागा पकडता येतो. प्रवचनाचे दोन मुद्दे दोन ओळींत लिहिले तर आणखी चांगलं.

पहिल्यांदा येणार असतील तर शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये बोलवा. आम्ही तीन शनिवार नुसते येऊन पंखे लावले, बंद केले आणि घरी गेलो. चौथ्या आठवड्यात मिस्साला आलो, शेवटची पंधरा मिनिटं.

जवळ ठेवायचं सामान:
- दोन-तीन इअरमफ (कारखान्यात वापरतात तसले चालतात)
- फोटोंचा संच आणि मोठ्या अक्षरात छापलेली गाणी
- हातात धरायला काही: मऊ चेंडू, जपमाळेसारखी जाड मण्यांची माळ
- पाण्याची बाटली, टॉवेल, कपड्यांचा जोड (घरच्यांनी)
- घरच्यांचे आणि दाराजवळच्या दोघांचे फोन नंबर

5. शेजारच्या बाकाला तयार करा

मिस्सानंतरच्या सूचनांत कोणाचंही नाव न घेता एवढंच सांगा: आपल्यात काहीजण मिस्सात हालचाल करतील, आवाज काढतील, त्यांना तसं करू द्या आणि वळून बघू नका. हे एकदा सांगून भागत नाही. मे महिन्यात आणि नाताळला मुंबईचे चाकरमानी येतात, त्यांना यातलं काही माहीत नसतं. आमचा सगळ्यात वाईट रविवार मेमधलाच होता. सुट्टीच्या दिवसांत दर रविवारी सूचना द्या आणि दाराजवळ जाणती माणसं ठेवा.

टुरेट असलेल्याच्या तोंडून नेमक्या शांततेत आवाज निघतो. तो दाबायला सांगितला की वाढतो. आपण दुर्लक्ष करावं, बस्स.

शांतीची खूण देताना हात धरू नका. आपल्याकडे हात जोडायची रीत आहेच, तीच सगळ्यांनी पाळली तर स्पर्श नको असणारा माणूस वेगळा दिसत नाही. तीच गोष्ट डोक्यावर हात ठेवण्याची आणि राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेची: आधी विचारायचं, आणि नको म्हटलं तर नको.

आता जड विषय. “याच्यावर प्रार्थना करून घ्या, सुटेल.” “कोणाची नजर लागली असेल.” “आवयनं गरोदरपणात काय केलंन?” हे आम्हाला चर्चच्याच आवारात ऐकवलं गेलं आहे, आणि एका प्रार्थनासभेत तर झील रडत असताना चौघांनी त्याला धरून ठेवलं होतं. तो महिनाभर कोणाला जवळ येऊ देत नव्हता. ऑटिझम म्हणजे भूतबाधा नाही, पापाची शिक्षा नाही, आणि उतरवता येणारी गोष्टही नाही. प्रार्थना जरूर करा, पण काय मागायचं ते त्या माणसाला किंवा घराला विचारून. आम्ही झोप मागितली होती. आणि औषधं बंद करायला कोणी कधीही सांगू नये. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना फिट्सचाही त्रास असतो, गोळी चुकली तर जिवावर बेततं.

कौन्सिलमध्ये कोणी कुरकुर केलीच, तर त्यांना सांगा की नोव्हेंबर 2014 मध्ये पोप फ्रान्सिस ऑटिस्टिक माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना व्हॅटिकनमध्ये भेटले, आणि त्यांच्या वाट्याला येणारा एकटेपणा आणि कलंक मोडायला हवा असं त्यांनी तिथे सांगितलं.

6. धर्मशिक्षण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद

“त्याला समजत नाही, मग ख्रिस्तप्रसाद कसा देणार?” हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला. शेवटी फादरनी कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, काढून दाखवला. 912 वं कलम म्हणतं, बाप्तिस्मा झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या कोणालाही ख्रिस्तप्रसाद देता येतो आणि द्यायलाच हवा. 913 व्यात मुलांना पुरेसं ज्ञान आणि तयारी असावी असं आहे, पण ख्रिस्ताचं रहस्य त्यांनी ‘आपापल्या कुवतीप्रमाणे’ समजून घ्यावं असंही त्यातच आहे. अमेरिकेतल्या धर्माध्यक्षांच्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्तशरीर आणि साधं अन्न यातला फरक ओळखता आला की पुरे, आणि ती ओळख शब्दांतच दिसायला हवी असं नाही, वागण्यातून किंवा हावभावातून दिसली तरी चालते. आमचा झील घरात भाकरी तोडून इकडेतिकडे टाकतो. वेदीसमोर मात्र दोन्ही हात पुढे करून उभा राहतो.

तयारी कशी केली:

प्रार्थना पाठ करून घेण्याचा हट्ट सोडला. ‘आमच्या स्वर्गातील बापा’ तो म्हणत नाही, पण आम्ही म्हणायला लागलो की हात जोडतो. शिक्षिका वर्गाआधी वीस मिनिटं त्याला एकट्याला घ्यायची, मग दहा मिनिटं तो इतर मुलांत. हळूहळू वर्गातली वेळ वाढवली. डिस्लेक्सियाच्या मुलांना मोठ्याने वाचायला उभं करू नका, त्यांना गोष्ट तोंडी सांगू द्या. एडीएचडीच्या मुलाला वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम द्या, तो उभ्याउभ्या जास्त ऐकतो.

ओस्त (ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती) तोंडात टाळ्याला चिकटते, आणि ज्यांना अन्नाच्या पोताचा त्रास आहे त्यांना ती थुंकावीशी वाटते. म्हणून अभिषेक न झालेली ओस्त आणून दोन महिने घरी सराव करा. अगदी छोटा तुकडाही पूर्ण ख्रिस्तप्रसादच असतो, तेव्हा फादरना चिमटीएवढा तुकडा द्यायला सांगा. तोही जमत नसेल तर द्राक्षारसाच्या रूपात घेता येईल का ते फादरशी बोलून ठरवा.

कुमसारासाठी (फादरजवळ पापांची कबुली देण्यासाठी) अंधारी जाळीदार पेटी नको. उजेडात, बागेत किंवा पडवीत, दिसेल पण ऐकू जाणार नाही असं. बोलता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवणं, मान हलवणं चालतं.

कागदपत्रं इतर मुलांना लागतात तीच: बाप्तिस्म्याचा दाखला, पालकांचा अर्ज, तुमच्या धर्मग्रामाची नेहमीची कागदं. डॉक्टरचा दाखला मागू नका. कोणी मागितला तर पालकांनी नम्रपणे विचारावं, “इतरांकडून मागता का?”

7. काम द्या

नुसतं येऊ दिलं, सांभाळून घेतलं, एवढ्यावर बरेच धर्मग्राम थांबतात. आमचा झील खरा चर्चचा झाला तो काम मिळाल्यावर. त्याला आकडे आवडतात. गाण्यांचे नंबर फळ्यावर लावायचं काम त्याच्याकडे आलं आणि आता नंबर चुकला तर सगळी कॉयर चुकते. मिस्साआधी अर्धा तास तो तिथे हजर असतो. ज्या म्हातारीने आम्हाला बाहेर जायला सांगितलं होतं, तीच गेल्या वर्षी दुसऱ्या कोणाला म्हणाली, “रवांदे गो, तोय आपल्यापरीन मागणाच (प्रार्थनाच) करता.”

मोठ्यांसाठी साउंड सिस्टिम, हिशेब, मेणबत्त्या, फुलं, बायबलच्या वाचनांचं रेकॉर्डिंग. दाराशी फेऱ्या मारणाऱ्या माणसाला फाटकाची राखण द्या. त्याला फिरायचंच असतं, आणि फाटकाशी माणूस हवाच असतो.

8. फेस्त (चर्चचा वार्षिक सण), नाताळ, पवित्र आठवडा

यांचं वेळापत्रक पंधरा दिवस आधी द्या आणि फटाके, बँड, धूप कधी ते त्यात लिहा. मध्यरात्रीच्या मिस्साचा आग्रह नको, नाताळच्या सकाळची मिस्सा पुरेशी आहे. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीऐवजी थेट चर्चमध्ये थांबू द्या. खुरसाकडच्या लदीनला (क्रूसाजवळच्या प्रार्थनेला) मोकळी हवा असते, लोक ओळखीचे असतात, वेळही थोडा लागतो. पुष्कळ घरांना परत यायला मिस्सापेक्षा तीच पहिली जागा सोपी जाते.

9. सुरक्षितता आणि कार्यालयाने करायची मदत

मुलासोबत कोणीही मोठा माणूस एकटा बंद खोलीत नको, कायम दोघे आणि दार उघडं. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 पासून आहे आणि तो चर्चलाही लागू आहे. जे मूल झालेलं सांगू शकत नाही, त्याच्याबाबत जास्त काळजी घ्या. फोटो आणि व्हिडिओ परवानगीशिवाय ग्रुपवर टाकू नका.

ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहेत. चर्चच्या कार्यालयात कॉम्प्युटर येणारा एकजण असेल तर त्याने यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) ऑनलाइन अर्ज भरून द्यावा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो लागतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ऑटिझम असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. कार्ड चर्चमध्ये येण्यासाठी कधीच लागू नये, पण ते काढून दिलंत तर त्या घराची मोठी धावपळ वाचते.

10. बिघडलेल्या रविवारनंतर

असे रविवार येणारच. आरडाओरडा होईल, काहीतरी फुटेल, कोणीतरी बोलेल. त्या क्षणी जास्त माणसं जमवू नका, एकानेच जवळ जा, कमी बोला, वाट मोकळी करा. समजूत नंतर घाला.

आणि त्याच संध्याकाळी फोन करा, पुढच्या रविवारची वाट बघू नका. घरी त्या वेळी आई-बाप ठरवत असतात की आता जायचंच नाही. मेमधल्या त्या रविवारी दिवेलागणीला आमच्याकडे शिक्षिकेचा फोन आला. तिने झाल्या प्रकाराबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, “पुढच्या रविवारी चार गाणी आहेत, नंबर लिहून घे. त्याला आधीच सांगून ठेव.”